‘चालतंय ना?’ हा पुरावा नव्हे

वेबसाइटच्या धंद्यात एक मत इतकं रुळलं आहे की ते मत आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. पान उघडत नसतं. कुणीतरी चार सेटिंग्ज बदलतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो, पान उघडतं, आणि तो म्हणतो: चालतंय ना? मग कारण कशाला उकरत बसायचं? नवख्या पोरांनी असं म्हटलं तर समजू शकतं. पण वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळलेली माणसंही हेच व्यवहारज्ञान म्हणून सांगतात आणि कारण शोधणाऱ्याला ‘पुस्तकी’ म्हणून बाजूला बसवतात. त्यांचा युक्तिवाद असा: गिऱ्हाइकाला पान दिसायला हवं, ते कसं दिसलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, सर्व्हरचं कॉन्फिगरेशन हा प्रश्न कंटेनरने आणि तयार साच्यांनी केव्हाच निकालात काढला आहे, त्यात डोकं घालणं म्हणजे वेळेची उधळण.

इतर काही कामांत हे मत खपूनही जाईल. पण ज्या पानांच्या एचटीएमएलमध्येच स्क्रिप्ट पेरलेली असते, म्हणजे पीएचपी, जुनी एएसपी, जेएसपी, त्याहून जुनी एसएसआय, तिथे ते घातक आहे. या पानांच्या बाबतीत ‘चालतंय’ या निरीक्षणावरून फारच थोडं सिद्ध होतं. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

वेब सर्व्हरचा मूळ धर्म फाइल देणं हा आहे. मागितली की दिली. सुरुवातीच्या काळात जे प्रोग्रॅम चालवायचे ते सीजीआय-बिन नावाच्या वेगळ्या फोल्डरात राहत. त्या फोल्डरातलं काहीही मागितलं तरी सर्व्हर ते चालवूनच बघे, वाचून दाखवत नसे. गैरसोय होती, पण मध्ये भिंत होती. रासमुस लेर्डोर्फने १९९५ मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ लोकांना दिली, १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची एएसपी आली, आणि पानातच कोड लिहायची पद्धत रुजत गेली तशी ती भिंत पडली. आता फोटो, स्टाइलशीट, डाउनलोडच्या पीडीएफ आणि चालवायचा कोड हे सगळं एकाच फोल्डरात शेजारी शेजारी नांदतं. यातलं काय वाचून द्यायचं आणि काय चालवायचं हे सर्व्हर बहुतेकदा फाइलच्या नावाच्या शेपटीवरून ठरवतो, आणि त्या शेपटीचा अर्थ त्याला कॉन्फिगरेशनमधल्या एखाद-दोन ओळी सांगतात. ती ओळ हरवली, चुकली किंवा त्या फोल्डरला लागूच झाली नाही, तर सर्व्हर बंद पडत नाही. तो आपल्या मूळ धर्मावर जातो. फाइल उचलतो आणि देऊन टाकतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट.

याला कुणी बागुलबुवा म्हणू नये. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर एएसपी पानाच्या पत्त्याच्या शेवटी दोन अपूर्णविराम आणि ‘डॉलर-डेटा’ एवढं जोडलं की पानाऐवजी पानाचा कोड समोर यायचा. एनटीएफएस फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलच्या मुख्य मजकुराचं ते आतलं नाव आहे. त्यामुळे उघडायची ती तीच फाइल. पण शेपटी ‘एएसपी’ उरली नाही म्हणून ती चालवायची आहे हे सर्व्हरला ओळखता यायचं नाही. २०११ च्या मार्चमध्ये टंबलरच्या एका फाइलीत कोड सुरू होण्याची खूण टाइप करताना तिचं पहिलंच चिन्ह चुकलं. त्या खुणेबाहेरचा मजकूर पीएचपी जसाच्या तसा छापते. तिने तो छापला, आणि कोड चव्हाट्यावर आला.

दोन्हींच्या मधलं, २००७ च्या ऑगस्टमधलं फेसबुकचं प्रकरण आमच्या ‘चालतंय ना’ पक्षाने नीट बघावं. फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड काही लोकांच्या ब्राउझरमध्ये उघडा पडला. कंपनीने खुलासा केला की चुकीचं कॉन्फिगरेशन असलेल्या एका सर्व्हरमुळे हे घडलं. एका. अशा वेळी विनंती शेजारच्या सर्व्हरकडे गेली की पान ठणठणीत उघडतं. ‘रिफ्रेश करून बघा, चालतंय ना?’ या चाचणीत असा बिघाड उत्तीर्ण होतो.

अर्थात ही तिन्ही प्रकरणं डोळ्यांना दिसणारी होती. पक्षाचे लोक म्हणतील, ‘कोड दिसला असता तर आम्हीही दुरुस्त केलंच असतं.’ ठीक आहे. मग जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे चला.

इंजिनएक्स हा इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये खुला केलेला सर्व्हर पीएचपी स्वतः चालवत नाही. फास्टसीजीआय नावाच्या वाटेने तो विनंती पीएचपीच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. आज तो प्रोग्रॅम बहुधा एफपीएम असतो. कोणती विनंती सोपवायची हे ठरवायला एक छोटासा नियम हातोहात फिरत गेला: पत्त्याच्या शेवटी डॉट पीएचपी असेल तर पाठव. लोकांनी तो चिकटवला, पानं चालली, विषय संपला. मे २०१० मध्ये चिनी सुरक्षा-संशोधकांनी त्यातली मेख दाखवली. समजा साइटवर कुणालाही फोटो चढवता येतो. चोराने जेपीजी शेपटीचा फोटो चढवला, पोटात पीएचपीच्या चार ओळी घालून. मग ब्राउझरमध्ये त्या फोटोच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन अस्तित्वातच नसलेल्या एका पीएचपी फाइलचं नाव लिहिलं. इंजिनएक्सने शेवट पाहिला: डॉट पीएचपी, पाठवा. पीएचपीने शोधलं, अशी फाइल नाही. तेव्हा पाथ-इन्फोच्या सोयीप्रमाणे तिने पत्त्याचा मागचा तुकडा गाळला आणि अलीकडे जी खरी फाइल सापडली ती चालवली. म्हणजे तो फोटो.

इथे कोणता प्रोग्रॅम चुकला? कोणताच नाही. दोघेही आपापल्या कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणे वागले. पानं उघडत होती, फोटो दिसत होते, एरर लॉगमध्ये अवाक्षर नव्हतं. ‘चालतंय’ या कसोटीवर ते कॉन्फिगरेशन शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याच कॉन्फिगरेशनमुळे फोटो चढवू शकणारा कुणीही माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. सोपवण्याआधी ती फाइल खरोखर आहे का एवढं इंजिनएक्सने तपासलं असतं तर भोक बुजलं असतं. पुढे २०१२ मध्ये एफपीएमनेही डॉट पीएचपीखेरीज दुसऱ्या शेपटीची फाइल मुळात चालवायचीच नाही असा नियम आपणहून लावून घेतला. पण ती तपासणी कॉन्फिगरेशनमध्ये घालायला ‘इथे नेमकं काय सोपवलं जातंय?’ हा प्रश्न आधी पडावा लागतो, आणि पान चालत असताना तो विचारायचा नाही, असंच तर या पक्षाचं धोरण आहे.

अपॅची सर्व्हर वापरणाऱ्यांनी गालात हसू नये. तिथे शेपटीला हँडलर, म्हणजे फाइल चालवणारा भाग, जोडणारी जुनी ओळ नावातल्या प्रत्येक शेपटीकडे बघते, फक्त शेवटच्या नव्हे. आधी डॉट पीएचपी आणि मग डॉट जेपीजी असं दुहेरी नाव दिलं की त्या ओळीमुळे तीही फाइल चालते. म्हणून पीएचपीची अधिकृत पुस्तिका नाव नेमकं पीएचपीनेच संपतं का हे पाहून हँडलर लावणारी पद्धत सुचवते. दोन्ही पद्धतींत मुखपृष्ठ सारखंच उघडतं.

माझा मुख्य मुद्दा हा आहे. या पानांच्या कॉन्फिगरेशनला दोन कामं असतात: जे चालायला हवं ते चालवणं, आणि जे चालता कामा नये किंवा दिसता कामा नये ते अडवणं. ‘चालतंय ना?’ हा प्रश्न फक्त पहिल्या कामाची परीक्षा घेतो. दुसऱ्या कामाची परीक्षा आपोआप कधीच होत नाही, कारण ते बिघडलं तर कुठलंही गिऱ्हाईक फोन करून तक्रार करत नाही.

आता ‘तात्पुरता उपाय’ या प्रकाराकडे वळू. २०१४ च्या वसंतात पीएचपीने एक सुरक्षा-दुरुस्ती केली. एफपीएम ज्या युनिक्स सॉकेटवर कान देऊन बसतं त्याच्या परमिशन तोवर ०६६६ होत्या, म्हणजे त्या यंत्रावरचा कुठलाही वापरकर्ता थेट त्या सॉकेटशी बोलून एफपीएमच्या अधिकारात कोड चालवू शकत होता. दुरुस्तीनंतर त्या ०६६० झाल्या. अनेकांनी नेहमीसारखं अपडेट केलं आणि साइटवर ‘५०२ बॅड गेटवे’ झळकलं, कारण इंजिनएक्सचा वापरकर्ता वेगळा होता आणि त्याला आता आत शिरता येईना. एरर लॉगमध्ये कारण सरळ लिहिलेलं होतं: सॉकेटला जोडता आलं नाही, परवानगी नाकारली. बरोबर उपाय एफपीएमच्याच फाइलीत होता, सॉकेटचा मालक आणि गट सांगणाऱ्या दोन ओळींत. पण झटपट चाललेला उपाय निराळाच: परमिशनची ओळ घ्या आणि पुन्हा ०६६६ करा. पान लगेच उघडायचं! ज्या भोकासाठी दुरुस्ती आली तेच भोक स्वतःच्या हाताने परत पाडलं, आणि वर ‘फिक्स झालं’ म्हणून कळवलं. शेअर्ड होस्टिंगवर, जिथे एकाच यंत्रावर अनेक अनोळखी भाडेकरू असतात, तिथे हे किती महागात पडू शकतं ते सांगायला नको.

आणि ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा! ही संख्या आमच्या धंद्यात औषधासारखी वाटली जाते. ‘परमिशनचा प्रॉब्लेम दिसतोय, ट्रिपल सेव्हन करून बघ.’ सुएक्झेक या अपॅचीच्या सोयीखाली सीजीआय प्रोग्रॅम चालत असेल, तर तो किंवा त्याचं फोल्डर इतरांना लिहिता येण्यासारखं असलं की सुएक्झेक ते चालवायलाच नकार देतं आणि पानावर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ येते. म्हणजे इथे ट्रिपल सेव्हन हाच रोग. दुसरा प्रसंग अलीकडचा. उबुंटूने २१.०४ पासून वापरकर्त्याच्या नव्या होम फोल्डरची परमिशन ७५० केली, म्हणजे इतर वापरकर्त्यांना दार बंद. साइटच्या फाइली होम फोल्डरात ठेवायची सवय असलेल्यांना नव्या यंत्रावर ‘४०३ फॉरबिडन’ दिसू लागलं. लोक साइटच्या फोल्डरला ७७७ करतात, काही होत नाही, कारण अडथळा दोन पायऱ्या वर आहे, होमच्या दारातच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग वैतागून होमलाच ७७७ करतात. साइट उघडते, आणि एसएसएच, होम फोल्डर इतरांना लिहिता येतं हे पाहून, किल्लीने लॉगिन करू देणं बंद करतं. पान चालू, मालक बाहेर. पूर्ण वाटेतल्या एकेका फोल्डराची परमिशन एका ओळीत दाखवणारी आज्ञा लिनक्समध्ये तयार आहे. ती वापरली असती तर अडथळा कुठल्या पायरीवर आहे हे तिथल्या तिथे दिसलं असतं.

‘पण कारण शोधायला वेळ कुठे आहे?’ हा यांचा सर्वांत लाडका प्रश्न. उलट मी म्हणेन, या पानांची लक्षणं इतकी बोलकी असतात की ती वाचली तर अंदाजपंचे फेरफारांपेक्षा कमी वेळ लागतो. पीएचपी पान उघडायला गेलं आणि फाइल डाउनलोड झाली, किंवा कोड साध्या मजकुरासारखा दिसला, तर हँडलर लागलेला नाही. कारण शोधताना डेटाबेस, पीएचपीची आवृत्ती यांपैकी कशालाही हात लावायची गरज नाही. त्यातही कर्ल या आज्ञेने सर्व्हरच्या उत्तराचे हेडर पाहिले की आणखी कळतं. कंटेंट-टाइपमध्ये पीएचपीचं अंतर्गत नाव जसंच्या तसं बाहेर आलं असेल, तर शेपटीची ओळ आहे पण तिचं ऐकणारं मॉड्यूल चढलेलं नाही. ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ असेल, तर सर्व्हरला ती शेपटी ओळखीचीच नाही.

पान कोरं दिसलं, पण ‘व्ह्यू सोर्स’मध्ये पीएचपी कोड दिसतोय? मग बहुधा ती फाइल सर्व्हरमार्फत उघडलेलीच नाही, डबल-क्लिक करून थेट डिस्कवरून उघडली आहे. ब्राउझर उघड्या कोनी कंसापुढचं प्रश्नचिन्ह पाहून त्या मजकुराला टिप्पणी समजतो आणि पहिल्या बंद कोनी कंसापर्यंत सगळं लपवतो. म्हणूनच कधीकधी कोड मधूनच दिसायला लागतो: पीएचपीत ऑब्जेक्टसाठी वापरतात त्या बाणाच्या टोकाला तो कंस असतो, ब्राउझरची टिप्पणी तिथे संपते आणि उरलेला कोड पानावर सांडतो. हा अर्धवट कोड पाहून ‘पीएचपी अर्धीच चालतेय’ असं निदान करणारी माणसं आहेत. पीएचपी तिथे हजरही नसते.

पान कोरं आणि सोर्सही कोरा असेल तर गोष्ट वेगळी. अपॅचीखाली बहुधा कोडमध्ये जीवघेणी चूक आहे आणि चुका पडद्यावर दाखवणं बंद आहे, लॉग उघडा. इंजिनएक्सखाली आणखी एक खास शक्यता असते. त्याच्याबरोबर फास्टसीजीआयच्या दोन जवळजवळ सारख्या फाइली येतात. त्यांतल्या एकीत कोणती स्क्रिप्ट चालवायची हे सांगणारी ओळ आहे, दुसरीत नाही. दुसरी जोडली आणि ती ओळ स्वतः लिहायची राहिली, तर पीएचपीला विनंती पोचते, काय चालवायचं ते कळत नाही, आणि ती कोरं पान २०० या यशस्वी क्रमांकासह परत पाठवते. सर्व्हर म्हणतो यश, वाचक बघतो शून्य. ‘फाइल नॉट फाउंड’ एवढीच ओळ आली, तर मार्ग दिलेला आहे पण तो पीएचपीच्या बाजूने चुकीचा आहे. चार लक्षणं, चार निरनिराळ्या जागा. यांपैकी कशालाही ‘सगळं अनइन्स्टॉल करून परत टाका’ हे उत्तर नाही.

अंदाजपंचे पद्धतीचा आणखी एक तोटा आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो: तिच्यातून चुकीचं ज्ञान तयार होतं. एफपीएमखाली एखाद्या फोल्डरापुरत्या पीएचपी सेटिंग्ज डॉट-यूझर-डॉट-आयएनआय फाइलीत लिहिता येतात. पीएचपी ती फाइल दर वेळी वाचत नाही. आपणहून ३०० सेकंद जुनाच मजकूर धरून राहते. माणूस बरोबर बदल करतो, पान रिफ्रेश करतो, फरक नाही. मग तो कुठली तरी असंबद्ध सेटिंग बदलतो, तिसरी बदलतो, तेवढ्यात पाच मिनिटं उलटतात, पहिला बदल लागू होतो आणि पान चालतं. श्रेय तिसऱ्या सेटिंगला! हा माणूस पुढे जिथे जाईल तिथे ती तिसरी सेटिंग बदलत सुटेल आणि इतरांनाही सांगेल. टर्मिनलमध्ये पीएचपीची आवृत्ती विचारणारेही असेच फसतात. टर्मिनलची पीएचपी वेगळी, वेबची वेगळी. डेबियनवर दोघींच्या सेटिंग्जच्या फाइलीही वेगळ्या फोल्डरांत असतात. एकीत बदल करून दुसरीकडे परिणाम शोधायचा आणि ‘पीएचपी ऐकत नाही’ म्हणायचं.

मराठी साइटवाल्यांना तर याचा खास अनुभव असायला हवा. इंग्रजीतलं पान नोटपॅडमध्ये कसंही सेव्ह केलं तरी चालून जायचं. देवनागरी लिहिली की यूटीएफ-८ निवडणं भाग, आणि विंडोजचं जुनं नोटपॅड तसं सेव्ह करताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाच्या तीन अदृश्य बायटी घालायचं. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून त्या मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. पीएचपीच्या दृष्टीने त्या तीन बायटी म्हणजे कोडबाहेरचा मजकूर, म्हणून ती त्या आधी छापून टाकते. मग लॉगिनच्या पानाला कुकी पाठवायची असते, पण मजकूर सुरू झाला की हेडर पाठवता येत नाहीत, आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा इशारा येतो. यावरचा ‘चालतंय’ उपाय: आउटपुट बफरिंग चालू करा. इशारा जातो, लॉगिन चालतं. तीन बायटी मात्र जिथल्या तिथे. पुढे तीच फाइल जोडून कुणी स्क्रिप्टमधून प्रमाणपत्राचं चित्र तयार करायला जातो आणि ते ब्राउझरला उघडतच नाही, कारण चित्राच्या आधी त्या तीन बायटी गेलेल्या असतात. तेव्हा कुणाला आठवणार की मागच्या वर्षी बफरिंग का चालू केलं होतं?

मोडक्या अक्षरांचीही तीच कथा. पानावर देवनागरीच्या एकेका अक्षराजागी तीन-तीन विचित्र रोमन चिन्हं दिसत असतील, तर बायटी शाबूत आहेत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी चुकली आहे; यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बायटी लागतात, त्या सुट्या वाचल्या जात आहेत. अपॅचीच्या जुन्या तयार कॉन्फिगरेशनमध्ये ही चुकीची चिठ्ठी लावणारी ओळ होतीच, आणि सर्व्हरच्या हेडरपुढे पानातल्या मेटा टॅगचं काही चालत नाही. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि डेटाबेसमध्येही तीच साठलेली असतील, तर अक्षरं आत जातानाच मेली आहेत. आठव्या आवृत्तीआधीचं मायएसक्यूएल आपणहून लॅटिन-१ धरायचं, त्यात देवनागरीला जागाच नाही. पहिल्यात एक ओळ बदलून सगळं परत मिळतं. दुसऱ्यात रोज नवा मजकूर नष्ट होत असतो, आणि कारण न शोधता पानावर प्रयोग करत घालवलेला प्रत्येक तास त्यात भर घालतो.

कंटेनरचं काय? ‘डॉकरमध्ये सगळं बांधलेलं येतं, आता ही जुनी कुरकुर कशाला?’ कंटेनरमुळे एक गोष्ट खरोखर सुधारली: एकदा बरोबर लिहिलेलं कॉन्फिगरेशन दुसऱ्या यंत्रावर तसंच उभं राहतं. चुकीचं लिहिलेलंही तसंच उभं राहतं, हे सांगायला कंटेनरवाले विसरतात. शिवाय पीएचपीच्या अधिकृत एफपीएम प्रतिमेत वेब सर्व्हर नसतो. तो शेजारच्या कंटेनरात ठेवावा लागतो. म्हणजे सर्व्हर आणि पीएचपी यांच्या मधली सीमा नाहीशी झाली नाही, उलट दोन वेगळ्या फाइलव्यवस्थांच्या मधोमध आली. इंजिनएक्सच्या कंटेनरातला मार्ग एफपीएमच्या कंटेनरात नसला की पुन्हा तीच ‘फाइल नॉट फाउंड’. आणि एफपीएमचा ९००० क्रमांकाचा पोर्ट कुणी ‘कनेक्ट होईना’ म्हणून सगळ्या जगाला उघडा केला तर? फास्टसीजीआयला पासवर्ड नसतो. जो बोलेल त्याचं ते ऐकतं.

‘हे सगळं पीएचपीचं पाप, भाषाच टाकून द्या’ असं म्हणणाऱ्यांसाठी फार वेळ घालवत नाही. आयआयएसच्या प्रकरणात पीएचपी नव्हती. लॅराव्हेलसारख्या चौकटींनी सगळा कोड वेब फोल्डराबाहेर नेऊन ‘पब्लिक’मध्ये एकच दरवाजा ठेवला, हा चांगला बदल आहे, पडलेली भिंत त्यांनी परत बांधली. पण ‘पब्लिक’पर्यंत मार्ग जुळेना म्हणून संपूर्ण प्रकल्प शेअर्ड होस्टिंगच्या पब्लिक-एचटीएमएलमध्ये ओतला की काय होतं? साइट चालते, आणि सगळे पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही फाइल पत्ता टाकताच वाचायला मिळते. तिची शेपटी कुठल्याच हँडलरच्या ओळखीची नाही. सर्व्हर आपला धर्म पाळतो.

‘जुन्या गोष्टी उगाळताय’ हाही आक्षेप ऐकू येतो. २०१२ मध्ये सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीत असं आढळलं की पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे डॅश देऊन लिहिलेली अक्षरं थेट पीएचपीच्या आज्ञेचे पर्याय म्हणून स्वीकारली जातात. एवढ्यावर पानाचा कोडही वाचता यायचा. ते बुजवलं गेलं. जून २०२४ मध्ये तेच विंडोजवर परत उघडं झालं: डॅश अडवला जात होता, पण काही भाषांच्या विंडोजमध्ये डॅशसारखं दिसणारं दुसरं चिन्ह आतल्या रूपांतरात डॅश बनून पुढे जायचं. झॅम्पचं विंडोजवरचं तयार कॉन्फिगरेशनही त्याच्या तडाख्यात होतं. घरी सरावासाठी बनवलेलं हे पॅकेज ‘चालतंय ना’ म्हणून थेट इंटरनेटवर जोडणारे कमी नाहीत, एवढंच सांगतो.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. पतसंस्था, शाळा, छोटं प्रकाशन यांना कारणाचा शोध परवडत नाही, त्यांना पान हवं असतं, असं म्हणतात. खरं आहे, पण त्यांना फुटलेला डेटाबेस त्याहून परवडत नाही, आणि हे त्यांच्या वतीने ठरवायचा हक्क दुरुस्तीवाल्याला कुणी दिला? त्यांनी ‘झालं’ या उत्तरावर बिल चुकतं करू नये. लॉगमधली कोणती ओळ सापडली आणि कोणती सेटिंग कशामुळे बदलली, हे दोन वाक्यांत लिहून मागावं. मग समोर बसवून काही पत्ते टाकायला लावावेत: फोटो चढवायच्या फोल्डरात ठेवलेली निरुपद्रवी एका ओळीची पीएचपी फाइल, कॉन्फिग फाइलच्या नावापुढे डॉट-बॅक लावलेली जुनी प्रत, डॉट-ईएनव्ही, आणि अस्तित्वात नसलेल्या पीएचपी फाइलचं नाव जोडलेला एखादा फोटो. पहिली चालता कामा नये, बाकी तिन्हींनी ४०३ किंवा ४०४ द्यायला हवं. यातलं एक जरी उघडलं, तर ते अडवा आणि लगेच पासवर्ड बदला. मग ॲक्सेस लॉगमध्ये तो पत्ता शोधा, म्हणजे आपल्या आधी तो कुणी कुणी मागितला ते कळेल. अर्थात डिस्क भरली म्हणून मागच्याच दुरुस्तीत लॉग बंद करून ठेवला नसेल तर.